डाव आधी, नियम मागाहून : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या कर्तृत्वाचा प्रश्न

बुद्धिबळाचा किंवा सोंगट्यांचा कर्ता सापडत नाही. छापील नियमावलीसह जन्मलेल्या आधुनिक खेळांचा कर्ता मात्र मुखपृष्ठावरच असतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळाची कथा या दोहोंच्या मधली आहे. जानेवारी १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांची पेटी म्हणून तो विक्रीस आला, तेव्हा त्यावर गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन अशी दोन नावे होती. हे नियम कोणाच्या लेखणीतून उतरले, याविषयी फारसा वाद नाही. ते घडविले कोणी, हा प्रश्न मात्र पुढे न्यायालयापर्यंत गेला. त्याचा विचार करावयाचा तर पुस्तिका क्षणभर मिटून ठेवून त्यांच्या आधीच्या चार-पाच वर्षांत मित्रमंडळींनी मांडलेल्या डावांकडे वळले पाहिजे.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे : टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एक जण पंच होतो आणि एका कल्पित स्थळाचे वर्णन करतो. इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेऊन आपण काय करतो ते तोंडाने सांगतो. निष्पत्ती संदिग्ध असेल तेथे फासे टाकले जातात. पट असलाच तर साहाय्यापुरता. खेळ चालतो तो बोलण्यावर.

पंचाची कल्पना जुनी होय. प्रशियाच्या लष्करात धाकट्या राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या युद्धखेळात पंच होता. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ यांनी तर नियमांचे जंजाळ दूर सारून निर्णय पंचाच्या अनुभवावरच सोपविला. चार्ल्स टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याचा ‘स्ट्रॅटेगोस’ हा ग्रंथ १८८० चा. तो मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्हिड वेस्ली या पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या हाती लागला आणि खेळाडूला वाटेल ते करून पाहू देणारा व पंचाच्या विवेकावर विसंबणारा खेळ त्याच्या मंडळात रुजला.

१९६९ मध्ये वेस्ली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या एका कल्पित प्रशियन नगराचा डाव मांडला. सेनापतींच्या जोडीला नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचे कुलगुरू अशा भूमिकाही वाटल्या. अपेक्षा अशी की, प्रत्येकाने पंचाशी क्रमाने बोलावे. घडले ते निराळेच. गडी कोपऱ्या-कोपऱ्यांत परस्परांशी मसलती करू लागले, पंचाच्या हातून सूत्रे निसटली आणि योजलेली लढाई बाजूलाच राहिली. डाव फसला असे वेस्ली यांचे मत झाले. खेळणाऱ्यांनी मात्र तसाच डाव पुन्हा मागितला! पुढील सर्व इतिहास या मागणीतून निघतो, कर्त्याच्या योजनेतून नव्हे.

त्याच मंडळातील आर्नेसन यांनी १९७१ मध्ये सेंट पॉल येथे आईवडिलांच्या घराच्या तळघरात ‘ब्लॅकमूर’ ही डावांची मालिका सुरू केली. एक किल्ला, त्याखालील भुयारे, आणि डावामागून डाव तीच पात्रे. आरंभी आधार होता तो गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या १९७१ च्या युद्धखेळाचा. त्यात सामान्य सैनिक एका घावात मरे. सैनिकांच्या तुकडीला हे ठीक. पण ज्याला नाव आहे, ज्याच्या कथेत खेळाडूचे मन गुंतले आहे, असे पात्र एका फाशाने जावे हे गड्यांना रुचेना. आर्नेसन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, नौकायुद्धाच्या खेळात जहाज किती मारा सोसते याची जी गणना असे, ती त्यांनी माणसाला लावली. आज संगणकावरील असंख्य खेळांत दिसणारी ‘हिट पॉइंट’ची कल्पना या तळघरातील कुरकुरीतून वाढली.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन व डेव्हिड मेगरी विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथे गेले आणि गायगॅक्स यांना तो खेळ खेळून दाखविला. गायगॅक्स यांनी टिपणे मागविली. ती त्रोटक होती. त्यांतून आणि स्वतःच्या ‘ग्रेहॉक’ डावांतून त्यांनी सुमारे पन्नास पृष्ठांचा मसुदा केला, १९७३ मध्ये तो दीडशेवर नेला. या डावांचे पहिले गडी त्यांचीच मुले. मग शेजारपाजारचे मित्र. मसुद्याच्या प्रती परगावच्या परिचितांकडेही गेल्या. बोलीभाषेचा अभ्यासक वाक्य रचून माहीतगारापुढे ठेवतो आणि ‘असे आम्ही म्हणत नाही’ या उत्तरावरून व्याकरण सुधारतो, त्याच जातीचे हे काम होते.

परंतु व्याकरणात सारी भाषा मावत नाही. पुस्तिकांत मुख्य लढाईपद्धती म्हणून ‘चेनमेल’चा हवाला आहे आणि वीस बाजूंच्या फाशाची पद्धत ‘पर्यायी’ म्हणून दिली आहे. प्रत्यक्षात रूढ झाली ती ही पर्यायी. प्रथम घाव कोणाचा, हेही तेथे धड कळत नाही. (आज या खेळांना ज्या संज्ञेने ओळखतात ती ‘रोलप्लेइंग गेम’ ही संज्ञाही त्यांत नाही, मुखपृष्ठावर ते मध्ययुगीन अद्भुत युद्धखेळच म्हणविले गेले आहेत.) ज्यांना जाणता पंच भेटला त्यांचे अडले नाही. ज्यांच्या हाती केवळ पुस्तिका आली त्यांना रिकाम्या जागा स्वतः भराव्या लागल्या. अ‍ॅरिझोनात केन सेंट आंद्रे यांनी त्या वाचून, गोंधळून, १९७५ मध्ये ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा निराळाच खेळ रचला. कॅलिफोर्नियात स्टीव्ह पेरिन यांनी लढाईच्या क्रमाचे आपले संकेत तयार केले आणि १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’मागे तेच उभे राहिले. दोष लेखनाचा होता हे खरे. पण तो नसता तर ही विविधता इतक्या लवकर आली असती असे वाटत नाही.

आर्नेसन १९७६ मध्येच प्रकाशनसंस्थेतून बाहेर पडले होते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या विशेषणासह निघालेल्या नव्या ग्रंथांवर एकट्या गायगॅक्स यांचे नाव आले, तेव्हा १९७९ मध्ये आर्नेसन यांनी दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड झाली आणि दोघांना ‘सहनिर्माते’ म्हणण्यात आले. गायगॅक्स यांचा पक्ष असा की, विखुरलेल्या टिपणांना वाचनीय रूप मिळाले नसते तर खेळ त्या तळघराबाहेर पडला नसता. हे मान्य करावेच लागते. मात्र, जे लिहिले गेले ते आधी तोंडी ठरले होते, आणि ठरविणारे दोघेच नव्हते. ज्यांचा ‘फसलेला’ डाव या साऱ्याच्या मुळाशी होता, ते वेस्ली त्या दाव्यात पक्षकारही नव्हते.