मादागास्करची प्रदेशनिष्ठ जीवसृष्टी

हिंदी महासागरातील मादागास्कर या द्वीपराष्ट्रात नैसर्गिकरीत्या आढळणारे, परंतु जगात अन्यत्र मूळचे नसलेले प्राणी व वनस्पती यांना मादागास्करची प्रदेशनिष्ठ जीवसृष्टी म्हणतात.

उगम
हा भूभाग सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेपासून व सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंडापासून अलग झाला. दीर्घ विलगतेमुळे येथील जीव स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले.

प्राणी
लेमूरांच्या १०० हून अधिक जाती येथे आढळतात. त्यांपैकी निशाचर आय-आय आपल्या लांब, बारीक मधल्या बोटाने लाकडातील अळ्या बाहेर काढतो. लेमूरांची शिकार करणारा फोसा हा बेटावरील सर्वांत मोठा मांसाहारी सस्तन प्राणी होय.

वनस्पती
गोरखचिंचेच्या प्रजातीतील आठ जातींपैकी सहा केवळ येथील आहेत. महाराष्ट्रात सर्वत्र लावले जाणारे गुलमोहर व सदाफुली यांचे मूलस्थानही मादागास्करच आहे. सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्क्रिस्टीन व व्हिनब्लास्टीन ही द्रव्ये कर्करोगावरील उपचारांत वापरली जातात.

संवर्धन
उडू न शकणारे महाकाय हत्तीपक्षी मानवी वसाहतीनंतर नामशेष झाले. जंगल जाळून केली जाणारी शेती, कोळशासाठी वृक्षतोड व शिकार यांमुळे आज बहुतेक लेमूर संकटग्रस्त आहेत. आत्सिनानानाची वर्षावने २००७ मध्ये जागतिक वारसा स्थळ ठरली. अवैध वृक्षतोडीमुळे २०१० मध्ये त्यांचा समावेश धोक्यातील स्थळांच्या यादीत झाला. प्रदेशनिष्ठ जातीला अन्यत्र नैसर्गिक अधिवास नसतो. त्यामुळे बेटावरील वन नष्ट झाल्यास त्यावर अवलंबून असलेली जाती निसर्गातून कायमची नाहीशी होते.