चेहरा कोणाचा? मुक्त-स्रोत खेळांतील काल्पनिक व्यक्तिचित्रांचा इतिहास

१९९७ च्या डिसेंबर महिन्यात ‘आयडी सॉफ्टवेअर’ या अमेरिकी कंपनीने ‘डूम’ या आपल्या जगप्रसिद्ध खेळाचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. ज्यांनी तो उतरवून घेतला त्यांच्या हाती खेळाचे यंत्र आले. खेळातला माणूस मात्र आला नाही. आजचा धागा या न आलेल्या माणसाविषयी, म्हणजे मुक्त-स्रोत खेळांतील पात्रांच्या चेहऱ्यांविषयी आहे. ते चेहरे कोणत्या अटींवर रंगवले गेले आणि रंगवून झाल्यावर ते कोणाचे राहिले, हे आपण पाहणार आहोत.

‘डूम’ हा १९९३ चा खेळ. पडद्याच्या तळाशी नायकाचा एक लहानसा चेहरा असे. हल्ला ज्या दिशेने होई तिकडे तो वळून पाही. प्रकृती खालावू लागली की पाच टप्प्यांनी तो अधिकाधिक रक्तबंबाळ होत जाई. शेजारी प्रकृतीचा आकडा असे, पण खेळणाऱ्याची नजर आधी चेहऱ्यावर जाई. हा चेहरा, राक्षस, भिंतींचे पोत, आवाज, नकाशे हे सारे ‘वॅड’ नावाच्या वेगळ्या फायलीत बांधलेले होते. कोडला पुढे १९९९ मध्ये जीपीएल हा मुक्त परवानाही लाभला. वॅडमधील चित्रसंपदा मात्र कंपनीच्याच मालकीची राहिली.

मग स्वयंसेवकांचा ‘फ्रीडूम’ नावाचा उपक्रम उभा राहिला. त्याचे काम ऐकायला सोपे वाटते : खेळातली प्रत्येक वस्तू नव्याने काढायची आणि मूळ चित्रांवरून काहीही गिरवायचे नाही. पडद्याच्या तळाशी चेहरा हवा, तो ठरल्या मापात बसायला हवा, त्याच टप्प्यांनी जखमी व्हायला हवा; पण तो त्याच माणसाचा असता कामा नये. चित्रकलेच्या इतिहासात इतकी विचित्र मागणी क्वचितच झाली असेल.

‘गिरवायचे नाही’ हा नियम आज स्वाभाविक वाटतो. काल्पनिक विश्वांच्या खेळांची सुरुवात मात्र अशी सोवळी नव्हती. या साऱ्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ चा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, आणि त्यांतली चित्रे हौशी हातांची. त्यांपैकी काही चित्रे मार्व्हल कंपनीच्या ‘स्ट्रेंज टेल्स’ या कॉमिकमधील आकृत्यांवरून सरळ उचललेली आहेत, हे पुढे अभ्यासकांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवले. पैसा नव्हता, वेळ नव्हता, आणि छोट्या आवृत्तीकडे कोण पाहणार, असा तो हिशेब. मुक्त-स्रोत प्रकल्पाला ही चैन परवडत नाही. तेथे प्रत्येक फाईल जगभर पुन्हा वाटली जाणार, बदलली जाणार, प्रसंगी विकलीही जाणार हे गृहीतच असते. एक चेहरा उसना निघाला, तर तो पुढे वाटणारा प्रत्येक जण अडचणीत येतो.

या खेळांना व्यक्तिचित्राची एवढी गरज का भासावी? कारण पटावरची आकृती अगदी लहान असते. तिला हात, पाय, तलवार असते, मुद्रा नसते. १९८८ च्या ‘पूल ऑफ रेडियन्स’ या खेळात अवघ्या १६ रंगांच्या पडद्यावर आपल्या पात्राचे डोके आणि धड वेगवेगळे निवडून जोडता येई. १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये रंगवलेली सुरेख व्यक्तिचित्रे होती, आणि स्वतःकडचे एखादे चित्र ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवून आपल्या नायकाला देण्याची सोयही होती. अनेकांना त्या खेळातील संवाद आज आठवत नाहीत, चेहरे आठवतात.

आता मुख्य कथेकडे येऊ. जून २००३ मध्ये डेव्हिड व्हाइट या प्रोग्रामरने ‘द बॅटल फॉर वेस्नॉथ’ या खेळाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. सेगा कंपनीच्या यंत्रावरील ‘मास्टर ऑफ मॉन्स्टर्स’ आणि ‘वॉरसाँग’ हे दोन जुने डावपेचांचे खेळ त्याच्या डोळ्यांपुढे होते. षटकोनी घरांचा पट, आळीपाळीने चाल, एल्फ, ऑर्क, बुटके, ड्रेक आणि मढ्यांच्या फौजा. ‘डूम’च्या कथेशी ताडून पाहिले की यातला महत्त्वाचा फरक ध्यानी येतो : येथे कोडच नव्हे, तर चित्रे, संगीत, नकाशे, कथा, सारेच आरंभापासून जीपीएलखाली होते. यंत्राबरोबर माणूसही मिळाला. परंतु तो रंगवायचा कोणी?

‘एअर टू द थ्रोन’ ही वेस्नॉथमधील प्रमुख मोहीम. एल्फांमध्ये वाढलेला तरुण कॉनराड, त्याचा पालक असलेला वृद्ध मांत्रिक डेल्फॅडोर, सिंहासन बळकावून बसलेली राणी अशेव्हिएर, तिची मुलगी लिसार. कथा संवादांतून पुढे सरकते आणि संवाद सुरू झाला की बोलणाऱ्याचे चित्र पडद्यावर येते. पटावरची आकृती ७२ गुणिले ७२ पिक्सेलच्या चौकटीत बसवलेली. तेवढ्या जागेत डेल्फॅडोरची दाढी दिसेल. त्याने आयुष्यभर काय पाहिले ते दिसणार नाही. ते काम व्यक्तिचित्राचे.

एक गंमत येथे सांगण्याजोगी आहे. वेस्नॉथमध्ये साध्या सैनिकाचे चित्र त्या व्यक्तीचे नसते, तिच्या प्रकाराचे असते. प्रत्येक सैनिक-प्रकाराची एक मजकुराची फाईल असते आणि चित्र कुठे ठेवले आहे ते तिच्यातल्या एका ओळीत लिहिलेले असते. त्यामुळे लढाया जिंकत एखादा साधा मांत्रिक बढती मिळून ‘श्वेत मांत्रिक’ झाला, की त्याच्या नावाखाली निराळाच चेहरा झळकू शकतो! नाव तेच, पराक्रम तोच, माणूस दुसरा. खेळणाऱ्यांनी हे हसून स्वीकारले; पण कथेतल्या नायकांच्या बाबतीत ते चालणारे नव्हते. म्हणून कॉनराड, डेल्फॅडोर, एल्फांचा नेता कॅलेंझ यांना त्यांची स्वतंत्र चित्रे मिळाली. त्यातही शतकानुशतके जगणाऱ्या कॅलेंझचे वय चेहऱ्यावर दाखवायचे कसे? सुरकुत्या घातल्या तर तो एल्फ राहत नाही, न घातल्या तर पोरसवदा दिसतो. उत्तर डोळ्यांत आणि बसण्या-उभे राहण्याच्या ढबीतच शोधावे लागते.

प्रारंभीची व्यक्तिचित्रे चौकटीतली, लहान आणि नाना हातांची होती. पुढे, २००० च्या दशकाच्या अखेरीस, मोठी व पारदर्शक पार्श्वभूमीची चित्रे आली. आता पात्र चौकटीतून बाहेर येऊन थेट नकाशावर उभे राहू लागले. दिसायला हा बदल लहान, चित्रकारासाठी फार मोठा. तेच चित्र एकदा हिमाच्छादित मैदानावर उमटणार आणि एकदा काळोख्या गुहेवर; तेव्हा प्रकाश असा टाकावा लागतो की तो दोन्हीकडे खोटा वाटू नये. केसांच्या कडा पांढऱ्यावरही खुलल्या पाहिजेत आणि काळ्यावरही. शिवाय संवादात पात्र पडद्याच्या दुसऱ्या बाजूस उभे करण्यासाठी चित्र आरशासारखे उलटवता येते. तसे केले की डाव्या गालावरचा व्रण उजव्या गालावर जातो आणि उजव्या हाताने लढणारा वीर डावखुरा होतो. ज्याच्या मुद्रेत व्रण महत्त्वाचा, त्याच्या चित्रकाराला याचा विचार आधीच करावा लागतो.

खरी अडचण मात्र रंगांची नव्हती, माणसांची होती. पगारी कंपनीत कलाविभागाचा प्रमुख सांगेल त्या शैलीत सारे काढतात. येथे कोणी विद्यार्थी, कोणी नोकरी सांभाळून रात्री बसणारा. कोणाची ठाशीव काळी रेषा, तर कोणी रेषेविना केवळ छटांनी आकार उभा करणारा. एखाद्याने एल्फांची चित्रे काढत आणली आणि मध्येच परीक्षा, नोकरी किंवा संसार आडवा आला, की उरलेल्या चेहऱ्यांचे काय? पुढच्या चित्रकाराने आधीच्याचा हात आत्मसात करावा, की संपूर्ण जमात पुन्हा रंगवावी? दोन्ही मार्ग कष्टाचे. माझ्या मते दुसरा अधिक क्रूर आहे. कारण त्यात आधी फुकट दिलेले, आवडीने केलेले काम बाजूला ठेवले जाते. तरीही मोठे स्वयंसेवी खेळ पुनःपुन्हा तेच करतात, कारण बेमेळ चेहऱ्यांची फौज डोळ्यांना सलते.

या टप्प्यावर परवान्याचा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत रोचक वाटतो. जून १९९१ मध्ये आलेल्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार, तयार वस्तू देणाऱ्याने तिचा ‘स्रोत’ही उपलब्ध करून दिला पाहिजे, आणि स्रोत म्हणजे बदल करण्यासाठी जे रूप सर्वांत सोयीचे ते. प्रोग्रामच्या बाबतीत अर्थ स्पष्ट आहे. चित्राचा स्रोत कोणता? पडद्यावर दिसणारी सपाट फाईल, की जिच्यात रेखाटन, सावली, रंग वेगवेगळ्या थरांत जपलेले आहेत ती चित्रकाराच्या संगणकावरील मूळ फाईल? थर असतील तर पुढचा माणूस चिलखत बदलून चेहरा राखू शकतो. सपाट चित्र मिळाले तर त्याला चिलखताखालची मान स्वतःच कल्पावी लागते. आणि चित्रकाराने थर कधीच एकत्र करून टाकले असतील, तर त्याच्यापाशीही देण्याजोगे दुसरे काही उरत नाही.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. डेबियन हे लिनक्सचे एक मोठे आणि तत्त्वनिष्ठ वितरण. एप्रिल २००४ मध्ये तेथील सदस्यांनी मतदान करून आपल्या सामाजिक करारातील शब्दरचना बदलली : मुक्ततेची अट आता ‘सॉफ्टवेअर’पुरती न राहता वितरणातील सर्वच घटकांना लागू झाली. त्यावरून एवढा गदारोळ झाला की पुढची आवृत्ती निघेपर्यंत, म्हणजे २००५ पर्यंत, अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. त्या नियमाच्या कचाट्यात दस्तऐवज आले, अक्षरवळणे आली, आणि खेळांतील चेहरेही आले.

चित्रांना साजेसा परवाना दुसरीकडे घडत होता. क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये निघाले, आणि २०१३ च्या नोव्हेंबरात आलेली त्यांची चौथी आवृत्ती पुढे वेस्नॉथनेही नव्या कलाकृतींसाठी स्वीकारली. त्यात स्रोताचा आग्रह नाही, श्रेयाचा आहे. चित्र घ्या, बदला, वाटा, पण मूळ कर्त्याचे नाव राखा आणि तुमची आवृत्तीही याच अटींवर खुली ठेवा.

नाव राखण्याची गोष्ट निघाली म्हणून थोडे मागे जाऊ. अकबराच्या चित्रशाळेत एकेका चित्रावर अनेक हात फिरत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील ‘अकबरनामा’च्या पानांवर समासात कारकुनांनी नोंदी केल्या आहेत : ‘तर्ह’ म्हणजे रेखाटन कोणाचे, ‘अमल’ म्हणजे रंगकाम कोणाचे. हवाई नावाच्या मत्त हत्तीवर अकबर स्वार झाला आहे आणि नावांचा पूल कोसळतो आहे, त्या प्रसिद्ध चित्राचे रेखाटन बसावनचे आणि रंगकाम चेतरचे. आणि काही पानांवर तिसरे नाव असते, ते केवळ चेहरे रंगवणाऱ्याचे. बाकी सारे इतरांनी केले तरी चेहरा खास माणसाकडे जाई. अर्थात हे साम्य फार ताणू नये. बसावन बादशहाचा चाकर होता; वेस्नॉथच्या चित्रकारावर कोणाचा हुकूम नव्हता. त्याचे चित्र मान्य होई ते रेखाटन उघड्यावर मांडून, अनोळखी लोकांची टीका ऐकून, खांदा अर्धा इंच खाली आणून, पुन्हा मांडून.

आणि मान्य झाल्यावर तो चेहरा त्याच्या हातचा राहत नसे. वेस्नॉथचे खेळाडू स्वतःच्या मोहिमा लिहून एकमेकांना देतात. त्यांना चेहरे लागतातच, आणि बहुतेकांना चित्र काढता येत नाही. मग कोणीतरी हळुवार हाताने रंगवलेली एल्फ धनुर्धारिणी एका मोहिमेत राजकन्या होते, दुसऱ्या मोहिमेत फितूर. परवाना देताना चित्रकाराने ही मुभा दिलेलीच असते. पण ती कागदावर देणे वेगळे, आणि आपल्या नायिकेला परक्या कथेत विश्वासघात करताना पाहणे वेगळे.

वेस्नॉथची १.० आवृत्ती ऑक्टोबर २००५ मध्ये निघाली, १.१४ मे २०१८ मध्ये. या काळात बदललेले चेहरे नष्ट झालेले नाहीत. कोड आणि चित्रे एकाच आवृत्ती-भांडारात असल्याने प्रत्येक बदलाची तारीख आणि तो करणारा यांची नोंद त्यात सापडते. कोणाला इतिहासाचा अभ्यास करायचाच असेल, तर हा दफ्तरखाना मोडी न येताही वाचता येतो. त्यात एक लांबलचक तक्ता आहे : तारीख, फाईल, परवाना, कर्ते, शेरा. काही ओळींत कर्त्याच्या रकान्यात पूर्ण नाव आहे, काहींत केवळ टोपणनाव, आणि काहींत एकाच चित्रापुढे एकाहून अधिक नावे. त्यांतल्या कोणी मान काढली आणि कोणी डोळे, ते मात्र तक्त्यात लिहिलेले नसते.