मातेउस, लोथार
मातेउस, लोथार : (२१ मार्च १९६१ – ). प्रख्यात जर्मन फुटबॉलपटू व १९९० च्या विश्वचषकविजेत्या पश्चिम जर्मन संघाचा कर्णधार. जन्म बव्हेरिया प्रांतातील एर्लांगेन येथे. बालपण मात्र हेर्त्सोगेनाउराख या छोट्या नगरात गेले. डासलर बंधूंनी आपसांतील वितुष्टानंतर उभारलेल्या आडिडास व पूमा या दोन कारखान्यांमुळे नामांकित झालेल्या या नगरात त्याचे वडील पूमाच्या नोकरीत होते. लोथारने प्रथम गृहसजावटीच्या कामाचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९७९ मध्ये बोरुसिया म्योन्शनग्लाडबाख या मातब्बर संघात तो व्यावसायिक खेळाडू म्हणून रुजू झाला.

मातेउस मध्यफळीत खेळे. अशा खेळाडूचे महत्त्व मराठवाड्यातील वाचकास वारंगा फाट्यावरून सहज उमगेल. हिंगोलीहून आखाडा बाळापूरमार्गे येणारा, यवतमाळहून हदगावमार्गे येणारा आणि अर्धापूर-नांदेडकडे जाणारा असे तिन्ही रस्ते तेथे मिळतात, आणि त्या एका ठिकाणी खोळंबा झाला की तिन्ही दिशांची रहदारी अडते. मैदानावर बचावफळी आणि आघाडी यांच्या दरम्यान उभ्या असलेल्या खेळाडूचे स्थान नेमके असेच असते. प्रतिपक्षाची चाल मोडणे, हस्तगत केलेला चेंडू क्षणार्धात पुढे धाडणे आणि संधी दिसताच स्वतः धावत जाऊन गोल करणे ही तिन्ही कामे सारख्याच अधिकाराने करणारे खेळाडू फार थोडे झाले, आणि त्यांत मातेउसची गणना अग्रभागी करावी लागते.

ग्लाडबाखकडून युप हाइंकेस यांच्या मार्गदर्शनाखाली पाच वर्षे खेळल्यानंतर १९८४ साली बायर्न म्युनिकशी त्याचा करार मुक्रर झाला होता. त्याच सुमारास जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात नेमकी बायर्नशीच गाठ पडली, आणि सामना बरोबरीत सुटल्यावर झालेल्या टायब्रेकरमध्ये मातेउसची पेनल्टी गोलखांबावरून गेली व ग्लाडबाखचा चषक हुकला. त्याच्या निष्ठेविषयी तेव्हा जो संशय घेतला गेला, त्यास कोणताही पुरावा नाही आणि तो अन्याय्यच म्हटला पाहिजे. बायर्नकडून १९८५, १९८६ व १९८७ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून तो १९८८ मध्ये इटलीतील इंटर मिलान संघाकडे गेला व जोव्हान्नी त्रापात्तोनी यांच्या हाताखाली पहिल्याच हंगामात तेथील राष्ट्रीय विजेतेपदाचा मानकरी झाला.

राष्ट्रीय संघात त्याने १९८० च्या युरोपीय स्पर्धेत पदार्पण केले. १९८६ च्या मेक्सिकोतील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाच्या मॅराडोनाला जखडून ठेवण्याची कामगिरी प्रशिक्षक फ्रान्झ बेकेनबाउअर यांनी त्याच्यावर सोपविली. ती त्याने बऱ्याच अंशी पार पाडली. तथापि जर्मनीने २–२ अशी बरोबरी साधल्यावर मॅराडोनाच्याच एका पासमधून निर्णायक गोल झाला. चार वर्षांनी इटलीत कर्णधार या नात्याने उतरलेला मातेउस अगदी निराळा होता. मिलानमध्ये युगोस्लाव्हियाविरुद्ध आपल्याच अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन निघून, प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकीत, दुरून मारलेला त्याचा त्या सामन्यातील दुसरा गोल हा त्याच्या समग्र खेळाचा अर्क होय. १९८६ व १९९० चे दोन्ही अंतिम सामने भारतीय वेळेनुसार रात्री साडेअकराला सुरू झाले, आणि आपल्याकडील असंख्य प्रेक्षकांस जर्मन फुटबॉलचा प्रथम परिचय दूरदर्शनवरील त्या जागरणांतूनच झाला.

८ जुलै १९९० रोजी रोम येथे अर्जेंटिनाविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८५ व्या मिनिटास जर्मनीस पेनल्टी मिळाली, तेव्हा ती मारण्याचे काम एरवी मातेउसकडेच असताही त्याने ती आंद्रेआस ब्रेमेकडे सोपविली. आपला बूट पूर्वार्धात निकामी झाल्याने नवे बूट घालावे लागले व त्यांत आत्मविश्वास वाटेना, असा खुलासा त्याने पुढे केला. ब्रेमेने गोल केला आणि जर्मनी १–० ने विश्वविजेती ठरली. आयुष्यातील सर्वोच्च कीर्तीचा क्षण हाताशी आला असता तो संघहितासाठी दुसऱ्यास देणे ही गोष्ट प्रस्तुत लेखकास त्याच्या कोणत्याही गोलाहून मोठी वाटते. त्याच वर्षी युरोपातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा ‘बालों द’ओर’ हा बहुमान त्याला मिळाला, आणि १९९१ मध्ये फिफाने प्रथमच दिलेला जागतिक सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताबही त्यालाच बहाल झाला.

१९९२ मध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीनंतर तो बायर्नमध्ये परतला. वयपरत्वे धावेचा वेग मंदावल्यावर त्याने बचावफळीच्या मागे राहून खेळाचे सूत्रसंचालन करणाऱ्या ‘लिबेरो’चे स्थान पत्करले आणि तेथेही आपले प्रभुत्व सिद्ध केले. १९९९ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात ८० व्या मिनिटास, बायर्न आघाडीवर असताना, तो मैदानाबाहेर आला आणि भरपाईच्या वेळेत मँचेस्टर युनायटेडने दोन गोल केल्याने या स्पर्धेचे विजेतेपद त्यास अखेरपर्यंत लाभले नाही. पाच विश्वचषकांत मिळून त्याने २५ सामने खेळले. हा विक्रम २०२२ मध्ये अर्जेंटिनाच्या मेस्सीने मोडला. देशासाठी त्याचे १५० सामने व २३ गोल झाले.

प्रशिक्षक म्हणून त्याने पार्टिझान बेलग्रेड या संघाला २००३ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. हंगेरीचा प्रशिक्षक असताना जून २००४ मध्ये त्याच्या संघाने कायझर्सलाउटर्न येथे खुद्द जर्मनीस २–० असे नमविले. परंतु जर्मनीच्या बुंडेसलिगातील कोणत्याही संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी त्याची नेमणूक कधी झाली नाही.