एका शब्दाची अपकीर्ति

इंग्रजी वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतून 'पर्व्हेयर' हा शब्द वारंवार भेटतो. त्याचा साधा अर्थ पुरवठा करणारा. परंतु कोळसा वा कागद पुरविणाऱ्यास वृत्तपत्रकार बहुधा 'सप्लायर' म्हणतो. 'पर्व्हेयर' हें भारदस्त नांव तो उंची चहा विकणाऱ्या जुन्या पेढीस तरी देतो, नाहीं तर खोट्या बातम्या व द्वेष पसरविणाऱ्यास तरी. पहिल्या ठिकाणीं तो गौरव, दुसऱ्या ठिकाणीं उपरोध. भामट्यास दरबारी पोशाख चढवून चव्हाट्यावर उभें करावें, तशी ही युक्ति आहे. या शब्दाचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र असें दिसतें कीं, त्या पोशाखाची आणि लुबाडणुकीची गांठ इंग्लंडांत फार पूर्वींच पडली होती.

शब्दाचें कूळ थोर आहे. पुढचें पाहून तरतूद करणें, या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो फ्रेंचमार्गें इंग्रजींत आला. ईश्वरी योजनेचा वाचक जो 'प्रॉव्हिडन्स' शब्द, तो याचाच भाऊबंद होय. मध्ययुगांत इंग्लंडचा राजा लवाजम्यासह गांवोगांव फिरे, आणि त्याच्या मुदपाकखान्यासाठीं धान्य, गुरें, सरपण व गाड्या गोळा करणारा अधिकारी तो 'पर्व्हेयर'. भाव तोच ठरवी, व तो बाजारभावाहून कमी असे. पैसे कधीं उशिरां मिळत, कधीं मिळतच नसत. राजाच्या अंमलदारांनीं धान्य घेतल्यास दाम तत्काळ द्यावे, स्वतंत्र माणसाचा घोडा वा गाडी त्याच्या संमतीवांचून नेऊं नये, अशीं कलमें १२१५ च्या मॅग्ना कार्टांत घालावीं लागलीं, यावरून रयतेचा जाच कळतो.

पुढें फ्रान्सशीं दीर्घ युद्ध जुंपलें आणि सैन्याच्या रसदेचा भारही याच पद्धतीवर पडला. तेव्हां तिसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दींत, १३६२ सालीं, पार्लमेंटांत कायदा झाला. राजा व राणी यांखेरीज कोणासाठींही अशी उचल होऊं नये, दाम रोख द्यावे, हें त्यांत होतेंच. पण 'पर्व्हेयर' हें नांव तिरस्करणीय झालें असल्यामुळें यापुढें त्या अधिकाऱ्यास 'खरेदीदार' म्हणावें, असेंही त्यांत फर्माविलें!

नांव बदललें, हात बदलले नाहींत. १६०४ सालीं फ्रॅन्सिस बेकननें कॉमन्स सभेच्या वतीनें पहिल्या जेम्सपुढें गाऱ्हाणें मांडलें, तें याच अधिकाऱ्यांविरुद्ध, आणि तेंही त्यांच्या जुन्याच नांवानें. ही पद्धति कायद्यानें मोडली ती १६६० सालीं, दुसऱ्या चार्लसच्या काळीं. तीही फुकट नव्हे. जमीनदारांकडील सरंजामी देणीं व हा हक्क सोडण्याच्या मोबदल्यांत राजास बियर वगैरे पेयांवरील कर मिळाला. जमीनदार सुटला, आणि पेल्यामागें गरिबानेंही भरणा केला.

यांतून आजच्या पत्रकारानें घेण्याजोगा बोध एवढाच कीं, मॅग्ना कार्टा लिहिणारांनीं धान्य, घोडा, गाडी अशा वस्तूंचीं नांवें घेतलीं. म्हणून अन्याय कोठें झाला हें ठरवितां येई. १३६२ च्या कायद्यांतील निष्फळ कलम कोणतें, तर केवळ नांवाशीं झुंजणारें. एखाद्यास 'असत्याचा पुरवठेदार' म्हणून मोकळें होणें सोपें आहे. तें असत्य कोणतें, तें कोणीं व केव्हां सांगितलें, हें दाखविणें कष्टाचें आहे. परंतु वाचकानें वर्गणी भरलेली असते, ती या कष्टांसाठींच. बातमी पुरविणाराही अखेर पुरवठेदारच. त्यानें माल उघडून दाखवावा, हेंच न्याय्य होय.