एकोणीस सह्यांचा अर्ज

बी.एड. करताना ‘स्वयंशोधन पद्धती’वरचा प्रश्न आपण बहुतेकांनी कधी ना कधी लिहिलेला असतो. तयार ज्ञान मुलांच्या गळी उतरवायचं नाही. मुलाला संशोधकाच्या जागी उभं करायचं, त्याला स्वतः प्रयोग करू द्यायचा, चुकू द्यायचं, निष्कर्ष त्यालाच काढू द्यायचा. या पद्धतीच्या पुरस्कर्त्याचं नावही आपल्याला पाठ असतं : हेन्री एडवर्ड आर्मस्ट्राँग, लंडनमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला फळ्याकडून प्रयोगाच्या टेबलाकडे नेण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

याच आर्मस्ट्राँग यांची एक गोष्ट बी.एड.च्या पुस्तकात येत नाही. लंडनच्या केमिकल सोसायटीत स्त्रियांना सदस्य करून घ्यावं की नाही, हा वाद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंधरा-सोळा वर्षं चालला. त्यात विरोधी बाजूचा सर्वांत मोठा आवाज त्यांचा होता. ते सोसायटीचे माजी अध्यक्ष, त्यामुळे शब्दाला वजन होतं. त्यांचा युक्तिवादही अजब होता. ज्या स्त्रियांनी रसायनशास्त्रात चमक दाखवली आहे त्यांनाच या कामापासून दूर ठेवलं पाहिजे, असं ते म्हणत. कारण काय, तर बुद्धी वारशाने येत असेल तर उद्याच्या चांगल्या रसायनशास्त्रज्ञांच्या माता याच व्हायच्या! म्हणजे स्त्री जितकी हुशार तितकी ती प्रयोगशाळेला नालायक. मुलांनी स्वतः शोधून शिकावं असा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य यावं, हे मला आजही नीट पचत नाही.

पण आधी एक प्रश्न सोडवला पाहिजे. एखाद्या सोसायटीचं सदस्यत्व मिळालं नाही, तर बिघडतं काय? संशोधन तर प्रयोगशाळेत होतं. नावापुढे लावायची चार अक्षरं नसली म्हणून काय झालं?

आपल्याच अनुभवाशी ताडून पाहा. तालुक्याच्या गावी एकट्याने विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला विषयशिक्षकांच्या बैठकीत काय मिळतं? व्याख्यान तर मिळतंच, पण त्याहून जास्त मिळतं ते चहाच्या वेळी. कुठलं उपकरण कुठे स्वस्त मिळतं, अमुक प्रयोग का फसतो, कुठल्या शाळेत जागा निघणार आहे, नवा अभ्यासक्रम कोण ठरवतंय. केमिकल सोसायटीचंही तसंच होतं. १८४१ साली ७७ सदस्यांनी तिची सुरुवात झाली. तिच्या सभांमध्ये शोधनिबंध वाचले जात, त्यांवर तिथल्या तिथे चर्चा होई, मग ते सोसायटीच्या नियतकालिकात छापले जात. तिचं ग्रंथालय उत्तम होतं. ‘फेलो’ असणं ही नोकरीसाठी मोठी शिफारस होती. दाराबाहेर राहणाऱ्याचं नुकसान मानापमानाचं नव्हतं. ते रोजच्या कामाचं होतं.

आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या स्त्रिया थोड्या नव्हत्या. लंडन विद्यापीठाने १८७८ साली स्त्रियांना पदव्यांची वाट खुली केली होती. त्यानंतरच्या पिढीत रसायनशास्त्र शिकलेल्या, संशोधन करणाऱ्या आणि महत्त्वाचं म्हणजे शाळा-कॉलेजांतून शिकवणाऱ्या स्त्रिया तयार झाल्या.

त्यांतल्या एकीची ओळख करून द्यायलाच हवी, कारण ती अस्सल शिक्षिका होती. आयडा फ्रॉइंड मूळच्या ऑस्ट्रियाच्या. तरुणपणी अपघातात त्यांचा एक पाय गेला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात मुलींच्या प्रयोगशाळेत त्या तीनचाकी खुर्चीवरून फिरत शिकवत. त्यांची एक गंमत प्रसिद्ध आहे. परीक्षेच्या तोंडावर त्यांनी मुलींना आवर्तसारणी अभ्यासायला बोलावलं. मुली येऊन पाहतात तो टेबलावर सारणी मांडलेली, पण प्रत्येक मूलद्रव्य म्हणजे एक छोटा केक, वर साखरेच्या अक्षरांत नाव आणि अणुभार! मुलींच्या शाळांतल्या विज्ञान-शिक्षिकांसाठी त्या खास वर्गही घेत. रसायनशास्त्रातले निष्कर्ष मूळ प्रयोगांपर्यंत मागे नेऊन तपासायचे, हा त्यांचा हट्ट. म्हणजे शिकवण्याच्या पद्धतीत त्या आणि आर्मस्ट्राँग फार दूर नव्हते. बेबनाव होता तो सभागृहात कोणी बसायचं यावर.

१९०४ साली एक पेच उभा राहिला. आदल्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळवलेल्या मारी क्यूरी यांना केमिकल सोसायटीने परदेशी सन्माननीय सदस्य म्हणून निवडलं. पॅरिसची स्त्री चालते आणि लंडनची चालत नाही, हे कसं? त्याच वर्षी एकोणीस स्त्रियांनी सह्या करून सोसायटीकडे अर्ज दिला. फ्रॉइंड त्यांत होत्या. लंडनमध्ये शिकवणाऱ्या मार्था व्हाइटली होत्या, आयडा स्मेडली होत्या. चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेत शिकवता शिकवता संशोधन करणाऱ्या मिलिसेंट टेलर होत्या. पुढे अध्यापक विद्यालयात काम केलेल्या हिल्डा हार्टल होत्या. एकोणीस जणींपैकी बऱ्याच जणींचं आयुष्य वर्गात गेलं.

त्यांचा मुद्दा साधा होता आणि तो त्यांनी सोसायटीच्याच कागदपत्रांतून काढला होता. गेल्या तीस वर्षांत सोसायटीच्या प्रकाशनांत सुमारे दीडशे स्त्रियांची नावं लेखक किंवा सहलेखक म्हणून आली आहेत, एकूण निबंध सुमारे तीनशे. आमचं काम छापायला चालतं, मग आम्ही का चालत नाही? अर्जात ना रडगाणं होतं, ना घोषणा. आकडे होते.

अर्जाला मोठे पाठीराखे मिळाले. निष्क्रिय वायूंचे संशोधक विल्यम रॅम्से होते, विल्यम टिल्डन होते. तरीही ठराव पडला. कसा, ते पाहण्यासारखं आहे. सोसायटीचे सदस्य हजारोंनी होते, पण नियम बदलण्याच्या सभेला फिरकले अगदी थोडे. विरोधक मात्र न चुकता हजर. चार-पाच वर्षांनी सगळ्या सदस्यांचं मत पत्राने मागवलं, तेव्हा बाजूने सुमारे अकराशे आणि विरुद्ध सुमारे साडेसहाशे मतं पडली. म्हणजे बहुमत स्त्रियांच्या बाजूचं होतं. ते घरी बसलं होतं, इतकंच! मला या साऱ्या प्रकरणात आर्मस्ट्राँगपेक्षा हे घरी बसलेले सज्जन जास्त विचार करायला लावतात.

एवढं बहुमत हाती आल्यावर तरी दार उघडावं ना? नाही. तडजोड निघाली. स्त्रियांना ‘फेलो’ नव्हे, ‘वर्गणीदार’ करून घ्यायचं. वर्गणी भरा, सभांना या, ग्रंथालय वापरा, अंक घ्या. मत देता येणार नाही, पद मिळणार नाही, नावापुढे काही लावता येणार नाही. वर्गणी मात्र हवी. पुष्कळ जणींनी हे अर्धं दार नाकारलं. काहींनी व्यवहार पाहून स्वीकारलं, आणि त्यांनाही दोष देता येत नाही. ग्रंथालयाची गरज कोणाला चुकली आहे?

पुढे महायुद्ध आलं, कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत स्त्रियांनी पुरुषांच्या जागा सांभाळल्या. १९१९ साली ब्रिटिश पार्लमेंटने व्यवसायांमधली स्त्रियांची कायदेशीर अपात्रता दूर केली. त्यानंतर, १९२० मध्ये, केमिकल सोसायटीने पहिल्या स्त्री-सदस्या निवडल्या. आयडा फ्रॉइंड १९१४ सालीच वारल्या होत्या. त्यांचं प्रयोगांवरचं पाठ्यपुस्तक मात्र त्याच १९२० साली प्रसिद्ध झालं.

दार उघडलं म्हणजे आतली माणसं बोलू लागतात असं नाही. व्हाइटली आणि स्मेडली यांना हे ठाऊक होतं. १९२५ मध्ये स्त्री-रसायनशास्त्रज्ञांचा एक भोजन क्लब निघाला. वर्षातून काही वेळा एकत्र जेवायचं, बस्स. वरकरणी क्षुल्लक वाटेल. पण चहाच्या वेळी काय काय मिळतं ते आपण वर पाहिलंच आहे. नव्याने आलेल्या, एकट्यादुकट्या काम करणाऱ्या मुलीला तिथे ओळखी मिळत, धीर मिळे. व्हाइटली १९२८ साली सोसायटीच्या कार्यकारिणीवर गेल्या. तिथे पोचलेल्या त्या पहिल्याच.

लंडनमधलीच त्याहून जुनी आणि मानाची संस्था म्हणजे रॉयल सोसायटी. तिथे आणखी वेळ लागला. हर्था आयर्टन यांनी विजेच्या कमानीच्या दिव्याचा अभ्यास केला होता. दोन कार्बनच्या कांड्यांमधला हा दिवा मध्येच फुसफुसतो, का? प्रवाह वाढला की कांडीच्या टोकावरचं तापलेलं विवर पसरतं, हवेतला ऑक्सिजन त्याला भिडतो आणि कार्बन जळू लागतो, हे त्यांनी दाखवलं. १९०१ साली त्यांचा निबंध रॉयल सोसायटीत दुसऱ्याने वाचला. १९०२ साली त्यांचं नाव फेलोपदासाठी सुचवलं गेलं, तेव्हा वकिलांनी सांगितलं की विवाहित स्त्री सनदेप्रमाणे पात्रच ठरत नाही. १९०६ मध्ये त्याच सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिलं. पदक चालतं, खुर्ची नाही! तिथे पहिल्या स्त्रिया निवडून आल्या त्या १९४५ साली : जीवरसायनशास्त्रज्ञ मार्जरी स्टीफनसन आणि बेंझिनचं कडं सपाट असल्याचा पुरावा क्ष-किरणांनी देणाऱ्या कॅथलीन लॉन्सडेल.

ही सगळी दूरदेशीची कथा म्हणून सोडून देता येत नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून कमला भागवत (दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, पुढे कमला सोहोनी) यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. संचालक होते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून अर्ज नामंजूर झाला. कमलाबाई बंगलोरला जाऊन समोर उभ्या राहिल्या आणि कारण विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, मार्गदर्शक सांगतील तितक्या वेळ, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल, आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. हेही एक प्रकारचं ‘वर्गणीदार’पणच. एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभराने अट सुटली, आणि संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. पुढे १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्या वेळी खुद्द केंब्रिजमध्ये स्त्रियांना विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व नव्हतं. ते मिळायला १९४८ साल उजाडलं. परत आल्यावर काही वर्षांनी त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या आणि तिथे नीरेच्या पोषणमूल्यावर त्यांनी केलेलं काम आपल्याकडे गाजलं.

रामन यांच्याविषयी एवढंच सांगून थांबलो तर अन्याय होईल. त्यांनीच १९३४ मध्ये इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ तिच्या फेलो झाल्या, रॉयल सोसायटीने हे करण्याच्या दहा वर्षं आधी.

रॉयल सोसायटीत पहिला भारतीय निवडला गेला तो १८४१ साली, म्हणजे केमिकल सोसायटी स्थापन झाली त्याच वर्षी. ते होते मुंबईचे अर्देशीर करसेटजी वाडिया, जहाजबांधणीतले आणि वाफेच्या इंजिनांमधले तज्ज्ञ. माझगावचा आपला बंगला त्यांनी १८३४ मध्येच गॅसच्या दिव्यांनी उजळला होता. त्या यादीत भारतात काम करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रीचं नाव, वेल्लोरच्या गगनदीप कांग यांचं, आलं २०१९ साली.