युगांडातील भारतीय कुटुंबे आणि १९७२ ची हकालपट्टी

युगांडातील आशियाई लोकांच्या १९७२ मधील हकालपट्टीचा विचार बहुधा दुकाने, साखर कारखाने व जप्त मालमत्ता यांच्या अंगाने केला जातो. कुटुंब या विवेचनात दुय्यम राहते. ते योग्य नव्हे. १९६२ च्या स्वातंत्र्यानंतर, आणि विशेषतः १९६९ च्या व्यापार परवाना कायद्यानंतर, कित्येक घरांनी जोखीम विचारपूर्वक वाटून घेतली होती. एका भावाने युगांडाचे नागरिकत्व घ्यावे, इतरांनी ब्रिटिश पासपोर्ट राखावा. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीन यांनी ९० दिवसांची मुदत दिली, तेव्हा हीच तजवीज घराच्या मुळावर आली. कागदपत्रांच्या तपासणीत, पूर्वीचे नागरिकत्व मुदतीत सोडले नाही अशा तांत्रिक कारणांवरून, अनेकांचे युगांडाचे नागरिकत्व रद्द ठरले. ते कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहीत. एंटेबे विमानतळाच्या वाटेवर सैनिकांनी केलेली लूट सर्वश्रुत आहे. त्याहून खोल घाव पासपोर्टांनी घातला. पत्नी ब्रिटिश असली तरी ब्रिटनच्या लेखी ती कुटुंबप्रमुख नव्हती. परिणामी ती मुलांसह ब्रिटनमध्ये आणि पती ऑस्ट्रिया वा इटलीतील निर्वासित छावणीत, अशी ताटातूट झाली. ब्रिटनने सुमारे २८,००० जणांना आश्रय दिला हे खरे. परंतु या पतींना आपल्या मुलांपर्यंत पोहोचण्यास पुढे कित्येक महिने लागले.