'परत करावयाची': ठेवीच्या व्याख्येवरील भाष्य

भाष्यासाठी घेतलेला पाठ 'महाराष्ट्र ठेवीदारांच्या (वित्तीय संस्थांमधील) हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९' यातील कलम २, खंड (सी) हा आहे. कोर्टात आणि पोलीस ठाण्यात याला 'एमपीआयडी' एवढेच म्हणतात. मी घेतलेला पाठ इंग्रजी आहे. खालची मराठी मांडणी माझी. मूळचे वाक्यही एवढे लांब आहे की ते तोडूनच वाचावे लागते.

वाचायला बसण्याआधी ठाण्याच्या नौपाड्यात 'डिपॉझिट' हा शब्द कसा फिरतो ते ऐकून घे. गोखले रोडवरच्या एजंटाकडे गेलास तर डिपॉझिट म्हणजे खोलीची अनामत. राम मारुती रोडवर सराफाकडे दर महिन्याला भरतात तेही डिपॉझिट. बँकेतली एफडी, गॅसच्या सिलिंडरची रक्कम, कार्यालयाच्या हॉलसाठी भरलेली रक्कम, आणि निवडणुकीत जप्त होते ते, सगळ्यांना नाव एकच. कायद्याला या नावाशी काही देणेघेणे नाही. पावतीवर काय छापले आहे यावरून व्यवहार ठरवणारा विद्यार्थी पहिल्याच ओळीत चुकतो.

पाठ: "'ठेव' यात समाविष्ट आहे, आणि नेहमीच समाविष्ट होते असे मानले जाईल..."

येथे 'म्हणजे' नाही, 'यात समाविष्ट आहे' असे आहे. फरक मोठा. 'म्हणजे' हा शब्द कुंपण घालतो. त्याच्या आत असेल तेवढेच. 'यात समाविष्ट आहे' हा शब्द कुंपण घालत नाही. रोजच्या बोलण्यात जी ठेव आहे ती आहेच, शिवाय पुढे सांगितलेलेही तिच्यात धरायचे. याचा अर्थ, बँकेतल्या मुदत ठेवीसारखी दिसणारी गोष्ट शोधत बसू नये. तशी न दिसणारीही येथे ठेव असू शकते.

'नेहमीच समाविष्ट होते असे मानले जाईल' हे शब्द भूतकाळाकडे हात करतात. म्हणजे, "आम्ही पैसे घेतले तेव्हा व्याख्या इतकी रुंद नव्हती" असे घेणाऱ्याने म्हणू नये, यासाठी दार आधीच लावले आहे.

पाठ: "कोणत्याही वित्तीय संस्थेने रक्कम मिळवणे किंवा कोणतीही मौल्यवान वस्तू स्वीकारणे..."

दोन क्रियापदे आहेत. रक्कम 'मिळते', वस्तू 'स्वीकारली' जाते. एक वाचन असे की हा मसुदा लिहिणाऱ्याचा हात आहे, अर्थ एकच. दुसरे असे की पैसा हाती आला की तो बाकीच्या पैशात मिसळतो, म्हणून मिळणे पुरेसे; वस्तू मात्र कोणी दुकानात विसरून गेला तर ती स्वीकारली असे होत नाही, घेणाऱ्याची इच्छा लागते. मला दुसरे वाचन ग्राह्य वाटते. कायद्यातले दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत हे शेवटचे उत्तर असावे, पहिले नव्हे.

'मौल्यवान वस्तू' म्हणजे सोने, हे झटकन सुचते. पण एवढ्यावर थांबू नये. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या मालाच्या बाजाराचा व्यवहार जुलै २०१३ मध्ये कोसळला तेव्हा प्रश्न गोदामातल्या मालाचा आणि त्याच्या पैशाचा होता. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये म्हटले की हे एक्स्चेंज ठेवी घेणारी वित्तीय संस्था नाही. एप्रिल २०२२ मध्ये, महाराष्ट्र शासन विरुद्ध ६३ मून्स टेक्नॉलॉजीज (एक्स्चेंजची मूळ कंपनी) या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. आधार हीच ओळ. २०१९ च्या केंद्रीय कायद्यात, म्हणजे अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या अधिनियमात, ठेव ही केवळ 'रक्कम' आहे. आपल्या कायद्यात वस्तूही आहे. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाच.

आता 'वित्तीय संस्था'. तिची व्याख्या लगेच पुढच्या खंडात आहे: कोणत्याही योजनेखाली, व्यवस्थेखाली किंवा अन्य कोणत्याही रीतीने ठेव स्वीकारणारी कोणतीही व्यक्ती. पूर्वपक्ष उभा राहतो: ठेव कोणती, तर वित्तीय संस्था घेते ती; वित्तीय संस्था कोणती, तर ठेव घेते ती. हा उघड अन्योन्याश्रय दोष. न्यायशास्त्राचा पहिला धडा शिकलेला मुलगाही यावर बोट ठेवील.

समाधान असे. दोन व्याख्यांपैकी एक रिकामी केली की वर्तुळ सुटते. 'वित्तीय संस्था' या शब्दात वेगळा गुणधर्म नाही. परवाना, नोंदणी, पाटी, काचेचे केबिन, यातले काहीच लागत नाही. 'कोणतीही व्यक्ती' एवढाच त्याचा गाभा. याचा अर्थ, सगळे वजन ठेवीच्या बाजूला जाते: घेतलेली गोष्ट ठेव आहे असे ठरले की घेणारा आपोआप वित्तीय संस्था झाला. म्हणून इमारतीच्या तळमजल्यावर बसून योजना चालवणारा एकटा माणूसही येथे 'संस्था' आहे. वगळलेले थोडे: केंद्राच्या किंवा राज्याच्या मालकीची अथवा नियंत्रणाखालची महामंडळे व सहकारी संस्था, आणि बँकिंग कंपनी. सरकारच्या मालकीची वा नियंत्रणाखालची नसलेली पतपेढी या वगळणुकीत बसत नाही. बँकेच्या ठेवीदाराची वाट वेगळी. त्याला ठेव विम्याचा आधार आहे, आणि त्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एका लाखावरून पाच लाख झाली.

पाठ: "...ठरावीक मुदतीनंतर किंवा अन्यथा परत करावयाची..."

सगळी व्याख्या या दोन शब्दांवर उभी आहे: 'परत करावयाची'. बाकीच्या शब्दांवर शंभर पाने लिहिता येतील, पण हे दोन निसटले तर ती वाया.

'परत करावयाची' म्हणजे परत करण्याचे बंधन. 'परत झालेली' नव्हे, 'परत होऊ शकणारी' नव्हे. केंद्रीय कायद्यात येथे 'परत करण्याच्या वचनासह' असे आहे; आपल्या पाठात 'वचन' हा शब्द नाही. याचा अर्थ, तोंडी वा लेखी वचन सिद्ध करण्याचा भार हलका झाला; व्यवहाराच्या स्वरूपातूनच बंधन निघाले तरी चालते.

हे बंधन केव्हाचे पाहायचे? घेतल्याच्या क्षणाचे. एखाद्याने पंख्याची किंमत आगाऊ भरली, दुकानदाराने पंखा दिला नाही, आता पैसे परत द्यायचे आहेत. ही ठेव झाली का? नाही. परत देण्याचे बंधन करार मोडल्यामुळे नंतर जन्मले. घेताना व्यवस्था विक्रीची होती. उलट, घेतानाच "तुमचे परत मिळतील" या पायावर घेतले असतील तर पावतीवर 'विक्री' लिहिले म्हणून ठेवपण जात नाही. कोणत्याही खटल्याचे कागद हाती आले की आधी घेतलेल्या दिवसाचा कागद शोध, नंतरचे पत्रव्यवहार मग.

'किंवा अन्यथा' हा लहान शब्द आळशी वाचक ओलांडून जातो. त्याचा अर्थ, मुदत ठरलेली नसली तरी चालते. मागताक्षणी परत, घर सोडताना परत, मुलीच्या लग्नात परत, सगळे 'अन्यथा'त बसते.

पाठ: "...रोख, वस्तुरूपात किंवा ठरावीक सेवेच्या रूपात..."

म्हणजे दिले तेच परत मिळावे असे नाही. पैसे दिले आणि सोने मिळणार असेल तरी ते 'परत करणे'च. 'ठरावीक' हे विशेषण फक्त सेवेला लागते, रोखीला व वस्तूला नाही. सेवा कोणती ते आधी सांगितलेले हवे.

येथे पूर्वपक्ष जोरात येतो. पैसे दिले, सेवा मिळाली, हीही ठेव असेल तर व्यायामशाळेची वर्षाची फी ठेव, क्लासची फी ठेव, ठाणे-सीएसएमटीचा पासही ठेव. ही अतिव्याप्ती होय. व्याख्या नको तिथे पसरते. याला उत्तर दोन पायऱ्यांचे. पहिली: फी हा सेवेचा मोबदला आहे, परत करावयाची रक्कम नव्हे. दुसरी: तरीही संशय राहील तेथे पुढची वगळणूक आहे, जिच्यात मालाच्या किंवा सेवेच्या मागणीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम बाहेर काढली आहे. वगळणूक लिहावी लागली यावरूनच दिसते की मुख्य वाक्य मुद्दाम रुंद ठेवले होते.

पाठ: "...व्याज, बोनस, नफा किंवा अन्य कोणत्याही रूपातील लाभासह किंवा लाभाशिवाय..."

'किंवा लाभाशिवाय' हे शब्द अधोरेखित कर. "आम्ही व्याज देतच नव्हतो, मग ठेव कसली" हा बचाव या शब्दांपुढे टिकत नाही. 'अन्य कोणत्याही रूपातील' यात मासिक हप्त्यांच्या योजनेत ग्राहकासाठी सराफाने स्वतः भरलेला शेवटचा हप्ताही येतो.

सराफांच्या योजना अकरा महिन्यांच्याच का असतात, हेही येथेच सांगतो. कंपन्यांच्या ठेवीविषयीच्या २०१४ च्या नियमांत, माल देण्यासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती झाली तर ती ठेव धरत नाहीत. म्हणून वर्ष पुरे होऊ द्यायचे नाही. पण तो नियम कंपन्यांचा. आपल्या पाठात ३६५ दिवस कुठेही नाहीत.

ऑक्टोबर २०१९ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली-ठाण्यातली दुकाने बंद झाली. मासिक हप्त्यांच्या योजनेत आणि मुदत ठेवीत पैसे भरलेले लोक दारात उभे राहिले. गुन्ह्यात फसवणुकीच्या कलमांबरोबर हा कायदाही लावला गेला. का, ते आता तुला सांगता यायला हवे. रक्कम मिळाली, ती वस्तुरूपात किंवा रोखीत परत करावयाची होती, लाभ असो वा नसो. फसवणुकीच्या कलमात सुरुवातीपासूनची लबाडी सिद्ध करावी लागते. या कायद्याच्या कलम ३ खाली लबाडीने केलेली परतफेडीतली कसूर हाच गुन्हा आहे, शिक्षा सहा वर्षांपर्यंत. आणि कलम ४ खाली शासनाला मालमत्ता जप्त करता येते. ठेवीदाराला तुरुंगापेक्षा जप्तीत जास्त रस असतो, आणि ते रास्त आहे.

पाठ: "...परंतु यात पुढील गोष्टींचा समावेश होत नाही."

सात वगळणुका आहेत. भागभांडवल आणि सेबीच्या नियमांखालचे रोखे, भागीदारांचे भांडवल, बँकांकडून घेतलेले पैसे, वित्तीय महामंडळांकडून घेतलेले पैसे, नोंदणीकृत सावकाराकडून घेतलेले पैसे: या पाच ठिकाणी देणारा किंवा कागद दुसऱ्या कायद्याच्या नजरेखाली आहे, एवढे समजले की पुढे जा.

सातवी चिटची. चिट म्हणजे १९८२ च्या चिट फंड कायद्यातली चिट, सराफाच्या मासिक हप्त्यांच्या योजनेला म्हणतात ती 'भिशी' नव्हे. सराफाच्या भिशीत आळीपाळीने कोणाला रक्कम मिळत नाही. नावच काय ते भिशीचे. सोडतीत नंबर लागला की उरलेले हप्ते माफ, अशा योजनेत काहींनाच बक्षीस मिळून ते मोकळे होतात. चिट फंड कायद्याचे स्पष्टीकरण तिला चिट मानत नाही. म्हणून ती या दाराने बाहेर पडू शकत नाही.

पाचवी वगळणूक मात्र थांबून वाचायची आहे.

पाठ: "व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात मिळालेली (अ) सुरक्षा अनामत, (ब) विक्रेतेपणाची अनामत, (क) इसारा, (ड) माल वा सेवेच्या मागणीपोटी आगाऊ रक्कम."

चारही शब्दांच्या डोक्यावर एकच अट आहे: 'व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात'. ही अट सोडून खालचा एक शब्द उचलणे हा पाठाचा भंग आहे.

घरभाड्याचे डिपॉझिट घे. नौपाड्यात लीव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार होतो, मालक अनामत घेतो, घर सोडताना बिनव्याजी परत देतो. मुख्य वाक्याला लावून पाहा: रक्कम मिळाली, परत करावयाची, लाभाशिवाय. म्हणजे वगळणूक नसती तर प्रत्येक घरमालक वित्तीय संस्था ठरला असता. तो वाचतो 'सुरक्षा अनामत' या शब्दाने. शंका अशी: वडिलोपार्जित एक खोली भाड्याने देणाऱ्या आजींचा 'व्यवसाय' कोणता? कडक वाचनाने त्या वगळणुकीबाहेर पडतील, आणि हे विपरीत आहे. म्हणून 'व्यवसाय' याचा अर्थ येथे धंदा नव्हे, तर त्या प्रकारच्या व्यवहाराची रूढ चाल असा घ्यावा. खोली देताना अनामत घेणे ही रूढ चाल आहेच.

पण 'हेवी डिपॉझिट' आले की हेच वाचन उलटे फिरते. भाडे शून्य किंवा नाममात्र. त्याऐवजी काही लाख एकरकमी, दोन-तीन वर्षांनी पूर्ण परत. ही अनामत कशाची सुरक्षा करते? भाडे नाही तर भाडे थकण्याची भीती नाही. मोडतोडीसाठी एवढी रक्कम लागत नाही. म्हणजे नावात 'सुरक्षा' असली तरी कामात ती परत करावयाची रक्कम आहे, आणि घराचा वापर हा 'अन्य कोणत्याही रूपातील लाभ'. मुद्रांकाचा कायदाही परत करावयाच्या डिपॉझिटला भाड्यापासून अगदी वेगळे मानत नाही. लीव्ह अँड लायसन्सवरचे ०.२५ टक्के शुल्क काढताना त्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के काल्पनिक व्याज धरून ते भाड्यात मिळवतात. तो दुसरा कायदा, दुसरा हेतू. त्यावरून येथला अर्थ ठरत नाही. पण विचाराची दिशा दिसते.

माझे मत असे. एका घराचा एक मालक हेवी डिपॉझिट घेतो तेव्हा त्याला वित्तीय संस्था म्हणणे पाठाच्या हेतूबाहेर जाते. 'योजना' आणि 'व्यवस्था' हे शब्द लोकांकडून पैसा गोळा करण्याचा वास देतात. परंतु मधला एखादा माणूस अनेक मालकांकडून मासिक भाड्याने घरे घेतो, तीच अनेक कुटुंबांना हेवी डिपॉझिटवर देतो, आणि जमलेल्या रकमेतून मालकांची भाडी भागवत राहतो, तेव्हा 'सुरक्षा अनामत' हा शब्द त्याला सोडवू शकत नाही. तो ज्या ओघात पैसे घेतो तो घरे देण्याचा नेहमीचा ओघ नाहीच. यावर उलट वाचनही मांडता येते, की प्रत्येक करार सुटा पाहावा आणि प्रत्येकात अनामत आहे. ते मला पटत नाही, कारण व्याख्या घेणाऱ्याकडे पाहते, आणि घेणारा एकच आहे.

पाठ: "स्पष्टीकरण दोन: मालमत्तेच्या विक्रीत विक्रेत्याने खरेदीदाराला दिलेली उधारी ठेव मानली जाणार नाही."

येथे पैसा येतच नाही, माल जातो आणि किंमत राहते. तरी स्पष्टीकरण का लागले? 'मौल्यवान वस्तू स्वीकारणे' या शब्दांमुळे. व्यापाऱ्याने उधारीवर सोने घेतले म्हणजे मौल्यवान वस्तू स्वीकारली, किंमत रोखीत द्यायची म्हणजे 'परत', असा ओढूनताणून अर्थ लागला असता. तो अडवला. मोड देऊन नवा दागिना घडवायला टाकलेले सोने मात्र या स्पष्टीकरणात येत नाही, कारण ती विक्री नाही. ते पाचव्या वगळणुकीतल्या 'नेहमीच्या ओघात' बसते की नाही, हे पावतीवर घडणावळ लिहिली आहे की परतीची तारीख आणि वाढीव वजन, यावर पाहावे.